तरटाचा पडदा

निपाणी, ता. ४ डिसेंबर १९३८

ती. अण्णास सा. न. वि. वि.

काम कसं आहे म्हणून विचारलं आहेस. शिसारी येते, एवढंच उत्तर पुरे आहे. पण तू पडलास वकील, एका शब्दावर तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून नीट लिहिते.

शाळा बंद पडल्यावर विधवा बहिणीला नुसतं पोसायचं तुझ्या जिवावर आलं नसतं, पण माझ्या आलं असतं. तू या तंबाखूच्या वखारीत शब्द टाकलास, ते मी विसरलेले नाही. मात्र तू म्हणाला होतास की बायकांवर देखरेख करायची. देखरेख म्हणजे झडती, हे मला इथे आल्यावर कळलं. बायका दिवसभर पाला निवडतात, चाळतात; संध्याकाळी घरी जाताना कोणी कनवटीला मूठभर तंबाखू लपवून नेते का, ते फाटकाशी प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवून बघायचं. आजवर हे भरमू मुकादम करायचा. त्यावर कोणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं, म्हणून मालकांना आता बाईमाणूस हवं झालं आणि मी मिळाले. मला इथे 'झडतीबाई' म्हणतात.

तंबाखूचा खकाणा नाकातोंडात बसतो, आमटीलाही तोच वास येतो. ते मी सोसेन. पण या बायकांची तोंडं सोसवत नाहीत. एकीच्या अंगाला हात लागला की मागची सगळी रांग तो हात कुठे चालला आहे ते ओरडून सांगते. "खांद्यावर आला गं", "काखंत शिरला", "आता वटीत", "खाली निगाला बघा". आणि मग खिदळतात. मुकादम झडती घ्यायचा तेव्हाही असंच चालायचं म्हणे. बायाक्का म्हणून त्यांच्यातली एक वयस्क पुढारीण आहे. काल मला म्हणते, "बाई, बेंबीत बी बघा, एक पान तितं दडीवलंय." शंभरेक बायका पोट धरधरून हसल्या. माझे कान तापले.

पहिल्या दिवशी मी सौम्यपणे म्हटलं होतं, "कृपा करून हात वर करता का?" तर रांग एकदम गप्प. बायाक्का मागे वळून म्हणाली, "बाई आपल्यावर चिडल्यात गं." मऊ बोललं की यांना राग वाटतो, आणि भरमू आईबहिणीवरून बोलतो त्याला या "भरमाण्णा" म्हणून हाक मारतात. झडती घेणारीला ओशाळं वाटतं आणि देणारीला काही नाही, हे मी प्रथमच पाहते आहे. रोज घरी आले की कोपरापर्यंत हात घासते.

वहिनीचे दिवस भरत आले. तिची काळजी घे.

तुझी,
विद्यू


टिळकवाडी, बेळगाव, ता. ९ डिसेंबर १९३८

चि. विद्यूस अनेक आशीर्वाद.

प्रथम गोड बातमी. परवा बेबीला, तुझ्या वहिनीला, मुलगा झाला. दोघंही सुखरूप आहेत. बारसं रविवारी, अठरा तारखेला. आत्या आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असं बेबीने बजावलं आहे, तेव्हा दोन दिवस आधीच ये.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तू लहानपणी न्हाणीघराला दोनदा कडी लावणारी. तुझ्यावर हा प्रसंग यावा म्हणजे कमाल आहे. पण त्या बायकांवर रागावू नकोस. ज्यांना घरात आडोसा ठाऊक नाही त्यांना लाज कुठून ठाऊक असणार? ती आपण शिकवायची. तू शिक्षिका आहेस, वर्ग बदलला एवढंच.

मला एक सोपा उपाय सुचतो. फाटकाशी पडदा लाव. एकेकीला आत घे, आणि बाहेर रांगेत कोणी अवाक्षर काढायचं नाही अशी ताकीद दे. बाईची झडती बाईने आडोशाला, शांतपणे घेतली, तर वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलायला जागा उरत नाही. मालक माझ्या परिचयाचे आहेत, भले गृहस्थ आहेत. मी त्यांना दोन ओळी लिहितो. ते नाही म्हणणार नाहीत.

येताना निपाणीचं काही आणू नकोस. तुझ्या लुगड्यांना जो वास येईल तेवढा पुरे.

तुझा,
अण्णा


निपाणी, ता. १४ डिसेंबर १९३८

ती. अण्णास सा. न. वि. वि.

मुलगा झाला हे वाचून फार आनंद झाला. वहिनीला म्हणावं, आत्या टोपडं विणते आहे. पिवळं आहे, वास लागू नये म्हणून डब्यात ठेवते.

तुझा उपाय अगदी लागू पडला. मालकांनी दुसऱ्याच दिवशी फाटकाशेजारी बांबू ठोकून तरटाचा पडदा लावून दिला. मी रांगेला सांगितलं की उद्यापासून एकेकीने आत यायचं, बाहेर कोणी ओरडायचं नाही, हसायचं नाही. जी ओरडेल तिची त्या दिवसाची हजेरी जाईल. भरमू शेजारी उभा होता, त्याने तेच त्याच्या भाषेत सांगितलं.

आता इतकी शांतता असते की सुई पडली तरी आवाज यावा. बायका खाली मान घालून आत येतात, हात वर करतात, जातात. माझ्याकडे बघतही नाहीत. जयवंता म्हणून एक नवी लग्न झालेली पोर आहे. ती आधी सगळ्यांत मोठ्याने ओरडायची. परवा आत आली तर पदर घट्ट आवळून उभी होती. मी म्हटलं, "अगं, मी बाईच आहे ना?" तिने मान आणखी खाली घातली. लाज वाटायला लागली, हेच पहिलं पाऊल.

बायाक्का मात्र कुरकुरते. रागावली की ती कानडीत जाते. पडद्याला हात लावून काहीतरी पुटपुटली, ते मला समजलं नाही. मग मराठीत म्हणाली, "बाई, ह्यो काढा. उजेडात बरं हुतं." मी म्हटलं, सवय होईल.

शुक्रवारी दुपारच्या सर्व्हिस मोटारीने निघते, मंगळवारी परत. माझ्या मागे झडतीचं काय, असं मालकांच्या दिवाणजींना विचारलं. ते म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे, भरमू बघून घेईल. त्याला काम माहीतच आहे.

तुझी,
विद्यू


निपाणी, ता. २३ डिसेंबर १९३८

अण्णा,

मायना लिहायला हात होत नाही.

मंगळवारी मी परत आले. तोंडात अजून बारशाच्या सुंठवड्याची चव होती. संध्याकाळी पडद्याआड उभी राहिले तर पहिलीच बाई आत येऊन माझ्या पायाजवळ थुंकली आणि हात वर करून उभी राहिली. दुसरीही थुंकली. माझ्या पदरावर उडालं. मी ओरडणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की जयवंता रांगेत नाही.

बायाक्काच्या घरी गेले. जयवंता तिथे चुलीमागे भिंतीकडे तोंड करून पडली होती. शनिवारी भरमूने तिला सगळ्यांत शेवटी आत घेतलं. बाकीच्या बाहेर उभ्या होत्या. गप्प. मीच त्यांना गप्प राहायला शिकवलं होतं. ती बाहेर आली, फाटकाबाहेर गटारापर्यंत गेली आणि ओकली. काय झालं ते तिने सासरी सांगितलं नाही. पण पडद्यात वेळ लागला ही गोष्ट तिच्याआधी घरी पोचली होती. तिचा नवरा जोतिराम, हमाली करतो. त्याने विचारलं, पडद्याआड काय झालं? ती बोलेना. त्याने तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तिची सासू राजाबाई याच वखारीत पाला निवडते, त्या दिवशी रांगेत होती. तीही काही बोलली नाही.

मी बायाक्काला म्हटलं, तुम्ही मला आधी स्पष्ट का सांगितलं नाही? ती म्हणाली, "सांगितलं की. रोज वरडून सांगत हुतो. आमी वरडत हुतो तवर त्येचा हात आमच्या सांगन्यापरमानं चालायचा, बाई. वटीत म्हटलं की वटीतच, फुडं न्हाय. शंभर जनींचं डोळं हुतं त्या हातावर. तुमी डोळं झाकलासा आनि त्वांड बी."

मला वाटत होतं हसतात म्हणजे यांना काही वाटत नाही. आपल्या घरी जिला वाटतं ती गप्प बसते, म्हणून जी गप्प बसत नाही तिला वाटत नाही, असा माझा हिशोब. अण्णा, त्या तरटाला आता वेगळाच वास येतो. मला अंघोळ करून करून कातडं सोलून निघेल असं झालं आहे.

तू फिर्याद तयार कर. भरमूवर आणि दिवाणजींवर. जयवंता आज बोलत नाही, पण तिच्यासाठी कोणी उभं राहिलं तर बोलेल. भरमूला शिक्षा झाली तर जोतिरामला तिच्यात दोष दिसणार नाही, तिचं घर उघडेल. उलट टपाली लिही.

विद्यू


टिळकवाडी, ता. २८ डिसेंबर १९३८

चि. विद्यूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बेबीच्या हाती लागू दिलं नाही. ओल्या बाळंतिणीने असलं काही वाचू नये. इथून पुढे असं लिहायचं असेल तर माझ्या कचेरीच्या पत्त्यावर लिही.

आता शांतपणे ऐक. झालं ते वाईट झालं, असं धरून चालू. पण कोर्टात धरून चालत नाहीत, दाखवावं लागतं. पडद्याआड दोनच माणसं. एक नाकबूल करणार, दुसरी बोलतच नाही. साक्षीदार कोण? बाहेरच्या बायका म्हणतील, आम्ही काही पाहिलं नाही. उलट मालकांतर्फे कोणीही सांगेल की स्त्रियांची अब्रू राखण्यासाठी त्यांनी मुद्दाम पडदा लावला, सुशिक्षित कुलीन बाई नेमली, आणखी काय करायचं होतं? आणि या बायकांचं वर्तन कसं होतं, हेही निघेल. झडतीच्या वेळी त्या काय बोलत, कशा खिदळत, हे तुझ्याच पहिल्या पत्रात आहे. ते मी जपून ठेवलं आहे. तुझ्याच भल्यासाठी.

त्या मुलीचं हित मौनातच आहे. चार महिने गेले की नवरा आपोआप बोलावतो, या लोकांत असं पुष्कळ चालतं. आपल्यासारखं नसतं. तू मन घट्ट करून काम चालू ठेव. राजीनामा दिलास तर तुलाच काहीतरी माहीत होतं असा अर्थ निघेल.

बाळाने काल प्रथम माझं बोट धरलं.

तुझा,
अण्णा


निपाणी, ता. ८ जानेवारी १९३९

अण्णा,

दिवाणजींच्या मेजावर तुझ्या अक्षरातला कागद पाहिला. ते लपवतही नव्हते. म्हणाले, "तुमचे बंधू आमचे वकील, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" वर्तमानपत्रात आलं त्याच वेळी तू मालकांना सल्ला दिलास की एखादी ब्राह्मण विधवा नेमा, म्हणजे तोंडं बंद होतील. ती विधवा तुझ्या घरातच होती, शोधायला लांब जावं लागलं नाही. इतके दिवस मला तंबाखूची, त्या थुंकीची, भरमूच्या तोंडाची किळस येत होती. आता तुझ्या सुरेख अक्षराची येते. मी भरल्या पोटी तुझी पत्रं वाचणार नाही.

इकडे काय झालं ते ऐक. दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

गेल्या सोमवारी मी पडदा ओढून काढला. बांबूसकट आला. भरमू पुढे आला तर बायाक्का त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली आणि तिने "बघा गं" एवढंच म्हटलं. सगळी रांग ओरडायला लागली. भरमू काय करतो आहे, कुठे हात नेतो आहे, पाय कुठे टाकतो आहे, सगळं मोठ्याने. तो मागे सरकत सरकत ऑफिसात गेला. मला त्या आवाजाची पहिल्यांदा किळस आली नाही.

मग बायाक्का म्हणाली, "आता जोत्याकडं." मला वाटलं, जाऊन त्याला समजावायचं, तुमची बायको निर्दोष आहे वगैरे. मी मनाशी वाक्यं जुळवत होते. तिने मला सांगितलं, "बाई, तितं शाणपन बोलू नका. त्यो गप बसून ऐकंल आन् मान हलवील, आन् दार लावंल." जयवंताला त्यांनी मध्ये घेतलं. ती चालत होती, पण कोणाकडे बघत नव्हती.

जोतिराम दारात उभा. गल्लीतली माणसं जमली. बायाक्का त्याला म्हणाली, "हिला इचारलंस व्हय रं, पडद्याआड काय झालं? मला इचार. मीबी गेलते पडद्याआड भरम्यासंगं." साठीची बाई. तिच्या नातवांनी ऐकलं. मग दुसरी म्हणाली, मीबी गेलते. मग तिसरी. एकेक पुढे येऊन आपलं नाव सांगून म्हणत होती, आणि गर्दीत ज्यांचे नवरे होते त्यांच्याकडे बघून म्हणत होती. कोणी हसत होती, कोणी शिवी देऊन म्हणत होती. ज्या माणसाला बोट दाखवायचं असेल त्याने आता अख्ख्या गल्लीच्या बायका उंबऱ्याबाहेर काढायच्या.

बायाक्का माझ्याकडे वळली. "बाई, तुमी बी म्हना."

मी चार दिवस बेळगावात होते, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले नसते तर कोणी मला दोष दिला नसता. आपल्या घरी मोठ्याने हसलं तरी आई दार लोटायची. मला पदर डोक्यावर ओढून घ्यावासा वाटला, आणि त्याच क्षणी स्वतःचीच इतकी घाण वाटली की मी म्हणाले. नाव सांगून म्हणाले. मी टिळकवाडीची विद्युल्लता, मीही पडद्याआड गेले होते भरमूबरोबर. पहिल्यांदा आवाज निघाला नाही, मागून कोणीतरी म्हणालं, "ऐकू याय न्हाय." म्हणून पुन्हा म्हणाले.

जोतिराम तरी दारातून हलेना. तेव्हा आतून त्याची आई, राजाबाई, बाहेर आली. ती आमच्याबरोबर आली नव्हती. सुनेला काढलं त्या दिवसापासून ती कोणाशी बोललीच नव्हती म्हणे. ती मुलाच्या मागे उभी राहून म्हणाली, "मीबी गेलते रं जोत्या. शुक्रवारी. हिच्या आदी." ती ओरडली नाही. शुक्रवारी दुपारी मी मोटारीत होते, टोपड्याचा डबा मांडीवर घेऊन. राजाबाईला कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

जोतिराम खाली बसला. जयवंता त्याच्या बाजूने आत गेली. राजाबाईने तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी भरमू फाटकावरून हलेपर्यंत एकही बाई कामाला आत गेली नाही. दुपारी त्याला कुठेतरी दुसऱ्या गावच्या गोदामात पाठवलं. मला संध्याकाळी काढलं. मी बायाक्काकडे राहते.

मी जे बोलले ते निपाणीत सगळ्यांनी ऐकलं आहे. तुमच्या क्लबात पोचायला वेळ लागणार नाही. बाळाच्या उष्टावणाला मला बोलवायचं की नाही, ते वहिनीला विचारून ठरव. पण तिला खरं सांगून विचार.

विद्युल्लता


बेळगाव, ता. १६ जानेवारी १९३९

श्रीमती विद्युल्लताबाई, माजी नोकर, तंबाखू वखार, मुक्काम निपाणी, यांस नोटीस देण्यात येते की:

आपण ता. २ जानेवारी रोजी निपाणी येथे भर वस्तीत अनेक लोकांसमक्ष, माझ्या पक्षकारांच्या वखारीत आपल्याशी व अन्य स्त्रियांशी अनुचित वर्तन घडल्याचे विधान केले. कथित वर्तनाच्या दिवसांत, ता. १६ ते २० डिसेंबर, आपण बेळगाव मुक्कामी होता, हे आपणास व मला व्यक्तिशः माहीत आहे. सबब सदर विधान जाणूनबुजून खोटे व माझ्या पक्षकारांच्या नावलौकिकास बाधक आहे.

तरी ही नोटीस पोचल्यापासून आठ दिवसांत आपण लेखी माफी मागावी व ती त्याच वस्तीत वाचून दाखवावी. न केल्यास पुढील खर्चास व परिणामास आपण जबाबदार राहाल.

पक्षकारांतर्फे,
रघुवीर, वकील


निपाणी, ता. २० जानेवारी १९३९

रा. रा. रघुवीरराव, वकील, टिळकवाडी, यांस,

आपली नोटीस पोचली. ती चुकीने मला एकटीलाच आली आहे. त्या दिवशी तेच वाक्य गल्लीतल्या सगळ्या बायका बोलल्या. माझ्याइतकंच स्पष्ट बोलल्या आणि माझ्यासारखं दोनदा म्हणावं लागलं नाही. तेव्हा कायद्याप्रमाणे प्रत्येकीला वेगळी नोटीस यायला हवी. पहिली राजाबाईंच्या नावे काढा. शुक्रवारी त्या बेळगावात होत्या, असं लिहू नका. त्या कधी वाटेतल्या संकेश्वराच्या पलीकडे गेलेल्या नाहीत.

जयवंतालाही एक पाठवा. तिला नुकतं चार माणसांत बोलता येऊ लागलं आहे.

इथे कोणाला वाचता येत नाही. नोटिसा आल्या की त्या मीच वाचून दाखवीन, फाटकापुढे उभी राहून, कामावरून सुटायच्या वेळी. तेवढा आवाज आता मला लागला आहे.

विद्युल्लता,
बायाक्काच्या घरी, निपाणी